हफ्त्याची दंगल

"आज रातीला कव्वाली, उद्या रातीला तमाशा," पुंजारामनं फैसला सुनावला. "दोन्ही राती आपल्या. मधल्या दिवसाची तेवढी कुस्ती."

शहरात, शहागंजातल्या मुनीरभाईच्या हॉटेलात तिघं मित्र बसले होते. लासूर टेशनावरून दुपारच्या गाडीनं आले, टांगा केला, अन् तेव्हापासून पुंजारामचं तोंड बंद नव्हतं. कारभारी रोटी खिम्यात बुडवून बुडवून खात होता अन् प्रत्येक बेताला मान हलवत होता. बन्सीच्या चहावर मात्र साय धरली होती.

त्याचा धाकटा भाऊ कडूबा इथंच उस्तादाच्या तालमीत होता. त्याची ही पहिली मोठी कुस्ती, तीही हैदराबादच्या पैलवानाबरोबर. बन्सीच्या खिशात फडक्याची पुरचुंडी होती, तिच्यात गावच्या तालमीची माती. घरची रीतच होती तशी. आखाड्यात उतरायच्या आधी वडीलधाऱ्यानं पैलवानाच्या तळहातावर गावची माती ठेवायची. बाप होता तोवर बापानं ठेवली. आता बन्सीशिवाय कोण होतं?

"मी आधी तालमीत जाऊन येतो," तो म्हणाला.

"येडा का खुळा तू?" पुंजाराम म्हणाला. " कुस्तीच्या आदल्या दिवशी पैलवानाला भेटत नसत्यात. घरचं माणूस दिसलं का मन पातळ होतं. उद्या रविवार. उद्या बघ पोटभर."

निरोप तर पक्का होता. मागल्या रविवारी लासूरच्या बाजारात उस्तादाचा माणूस भेटला अन् म्हणाला, "हफ्ते को दंगल है. पैलवान बोला, भाई को आनाच बोलो." हफ्ता म्हणजे आठवडा, रविवारपासून धरला तर रविवारच येतो. अन् निजामाचं राज्य गेलं तशी जुम्म्याची सुट्टीही गेली होती, आता सुट्टी रविवारची. दंगल सुट्टीच्या दिवशीच असणार, हे शेंबडं पोरगंही सांगेल.

कुठूनशी हलगी ऐकू आली. बन्सी उठून दारात गेला.

"बस रं," कारभारी म्हणाला. "हलगीवाले उद्यासाठी हात मोकळा करत असतील."

बन्सी बसला, पण त्याचं बूड काही टेकेना. पुंजारामचे बेत पुढं निघाले होते. आज दारूचं नाव नाय, आज पैलवानाचं पथ्य ते आपलं पथ्य. उद्या कडूबानं हैदराबादवाल्याला आभाळ दाखवलं की गुलाल, फेटे, शहागंजाच्या घड्याळाला एक चक्कर, मग बोकड, मग तमाशात पुढची जागा.

"अन् पडला तर?" कारभारीनं तोंडातला घास न गिळताच विचारलं.

"जेव की मुकाट्यानं," बन्सी खेकसला. पडला तर काय करायचं ते कुणीच ठरवलेलं नव्हतं.

ऊन कलत आलं. हलगी थांबत नव्हती, अन् मधूनच माणसांचा मोठा गलका उठायचा.

"सरावाला येवढी माणसं वरडत्यात व्हय?" बन्सीनं विचारलं.

"शहर हाय बाबा. इथं लोक कशालाही वरडत्यात," पुंजाराम म्हणाला.

तेवढ्यात मुनीरभाई गल्ल्यावरून उठले अन् दाराच्या फळ्या लावू लागले. "चलो मियाँ, उठो. बंद करना है. दंगल की आखरी जोड बाकी है, वो तो देखने दो."

"दंगल उद्या हाय ना?"

"कल कायकू? हफ्ते को बोले थे. आज हफ्ताच है."

"आज तर शनिवार हाय."

"हौ," मुनीरभाई फळी सरकवत म्हणाले. "तुम शनिवार बोलते, हम हफ्ता बोलते."

बन्सी उठला. एक वहाण बाकड्याखालीच राहिली अन् तो पळत सुटला. टांगे, हातगाड्या, शिव्या, कशाचं त्याला भान नव्हतं. दोन गल्ल्या ओलांडल्या की मैदान. इतकं जवळ होतं. फाटकातून आत घुसताच माणसांच्या डोक्यांवरून त्याला भावाचे खांदे दिसले, अन् तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "कडूबाऽऽ"

मैदानभर एकच गलका झाला. मग हलगी थांबली.

गर्दी फुटली तेव्हा कडूबा आखाड्याच्या कडेला उकिडवा बसला होता. बन्सी मागून गेला. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पाठीला माती लागलेली. पैलवानाच्या घरात यावर काही विचारायचं नसतं.

"आलास व्हय दादा?" कडूबानं वर बघितलं. राग नव्हता, अन् तेच बन्सीला सोसेना. "उस्तादाला म्हणलं, माझी जोड शेवटाला लावा, दादा यायचाय. त्यांनी लई थांबवली. मग दिवसच बुडाया लागला."

बन्सी त्याच्याजवळ मातीतच बसला.

"धरलं होतं मी त्याला. कंबरच गावली होती. तेवढ्यात कुणी तरी हाक मारली. अगदी तुझ्यासारखा आवाज. म्हणून मान वळली बघ." कडूबानं मान वर केली. "तूच होतास का?"

"नाय," बन्सी म्हणाला. "मी आत्ताच आलो."

"मग बरं झालं. तुझ्या जिवाला लागलं असतं."

भावाच्या पाठीची माती बन्सी हातानं झाडायला लागला.

"ती राहू दे," कडूबा म्हणाला अन् रिकामा तळहात त्यानं पुढं केला. "तुझी दे."