पहिल्या रांगेची तिकिटं

"मी हात दाबला की हसायचं, सोडला की थांबायचं. तुम्हाला एकटं पडू देणार नाही," बायको म्हणाली होती. "मीही तुला," त्याने शब्द दिला होता. कान गेल्याचं मित्रांना कळलं तर ते नाटकाला बोलावणंच सोडतील, ही त्याची धास्ती. युक्ती मात्र आजवर बिनबोभाट चालली.

या शनिवार-रविवारी मित्रांनी दोघांना उसंत दिली नाही. जेवणं, चित्रांचं प्रदर्शन आणि शेवटी विनोदी नाटक. "वहिनी, आम्ही बसतो मागे. आज तुम्ही दोघं ऐटीत पहिल्या रांगेत," एकजण तिकिटं नाचवत म्हणाला. वहिनींचा चेहरा उतरला.

नाटक सुरू झालं. पाहुण्यांसाठी राखलेली बाकीची रांग रिकामीच होती. बराच वेळ झाला तरी हात दाबला जाईना, म्हणून त्याने वळून पाहिलं. बायकोचे डोळे भरले होते. त्याला ओठ वाचता यावेत म्हणून ती सावकाश म्हणाली, "मलाही स्टेजवरचं ऐकू येत नाही हो. पुढच्यांचे खांदे हलले की मी दाबायचे."



समोर नट बोलता बोलता थांबला होता, हशा ओसरायची वाट पाहत असावा. ते पाहून नवऱ्याने हळूच बायकोचा हात दाबला.