आधी कोणाला

"हिनंच आणला हा रोग. माझ्या सोन्यासारख्या मुलाला लावला," म्हणत सासूनं डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला.

नात बापाच्या मांडीवर होती. तिच्या आईला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं होतं. रोग कळल्यापासून सासूनं पोरीला आईच्या अंगाला हात लावू दिला नव्हता. पोरीची तपासणी स्वच्छ आली, तेव्हा तर सासूला आणखीच चेव चढला. सून एकदा जवळ घेऊ द्या म्हणून रडायची आणि नवरा ढिम्म बसून राहायचा. आज सुनेला इथूनच माहेरी धाडायचं आणि पोर ठेवून घ्यायची, असं मायलेकांनी ठरवलंही होतं.

कोणती औषधं द्यायची हे पाहण्यासाठी नवरा-बायको दोघांच्या रक्तातला एचआयव्ही बारकाईनं तपासला होता. काय ते सगळ्यांदेखत सांगा, असं नवऱ्यानंच बजावलं होतं.

"यांच्या अंगातल्या विषाणूंच्या नाना तऱ्हा आहेत," डॉक्टर नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या. "बाईंच्यातले मात्र जवळपास सगळे एकसारखे."

"ऐकलंस, आई? माझा वेगळा, हिचा वेगळा! बाहेरूनच आणला हिनं." अर्ध्या हळकुंडानं पिवळं होण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता.

"पुरतं ऐका. लागण होते तेव्हा बहुतेकदा एकच विषाणू आत टिकतो आणि त्याचीच पिल्लावळ वाढते. म्हणून सुरुवातीला सगळे सारखे दिसतात. मग तो बदलत जातो. तुमच्याइतक्या तऱ्हा व्हायला वर्षं लागतात. बाईंची लागण ताजी आहे. तुमची लग्नाच्याही आधीची असावी. आणि त्यांच्यातला विषाणू तुमच्यातल्याच एका तऱ्हेशी जुळतो."

सासूनं झडप घालून नातीला मुलाच्या मांडीवरून ओढलं. पोरीनं भोकाड पसरलं.

"अगं आई, मांडीवर घेतल्यानं नाही लागत!" तो घाईघाईनं म्हणाला.

सून स्टुलावरून उठली. सासूच्या समोर येऊन उभी राहिली, पण बोलली ती नवऱ्याशी.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

आणि तिनं पोरीसाठी हात पुढे केले.