सिलोनच्या मुलींशी सामना

१९५६च्या हिवाळ्यात सिलोनच्या एका शाळेतल्या मुलींची टीम नेटबॉलचे सामने खेळत नागपूरहून कलकत्त्याला निघाली होती, ती वाटेत एक दिवस गोंदियात उतरली. आमगावहून शिकायला आलेली शामकला इथल्या मुलींची कॅप्टन होती. चार महिने तिनं सगळ्यांना पळवून पळवून सराव करून घेतला होता. पण सामन्यात ती बॉल घेऊन पळाली की पंचबाई शिट्टी वाजवायच्या आणि बॉल पाहुण्यांना द्यायच्या. मध्यंतराला चौदा-शून्य झालं. "बाई, काऊन शिट्टी मारून राहिली ते? मी कोणाले धक्का तं नाही देल्ला!" शामकलानं विचारलं. खेळ शिकवणाऱ्या सुशीलाबाई हळूच म्हणाल्या, "बॉल हातात असताना पळायचं नसतं म्हणे. मी हा खेळ एकदाच पाहिला होता गं, बाकीचं अंदाजानं शिकवलं." शामकलानं मुलींना गोळा करून ते सांगितलं. पुढे बॉल हाती आला की मुली जागीच थिजायच्या, तोवर समोरच्या त्यांना घेरायच्या. सामना एकतीस-एकनं गेला. सिलोनच्या कॅप्टननं शामकलाचा हात धरून इंग्रजीत काही सांगितलं. "ती म्हणते, इतकी वेगानं पळणारी मुलगी तिनं पाहिली नाही," बाई म्हणाल्या. शामकलानं हात सोडवून घेतला. "तिले सांगा, आमाले हा खेळ कोणी शिकवलाच नाही." बाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, आणि शिकवणारी मीच होते, हेही सांगितलं.