येळ्ळूरची गुणाबाई

"गोळ्या कधीपासून बंद केल्या?" डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

चंपाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे, शेवटी छताकडे. "दोन म्हैनं झालं असतील."

रोज सकाळी शुगरची गोळी पारमिताच सासूच्या हातावर ठेवायची. ती गोळी तोंडाऐवजी उशाखालच्या डबीत जात होती, हे तिला आज कळत होतं. आता डावा अंगठा काळा पडला होता, सूज घोट्याच्या वर चढली होती. निपाणीच्या डॉक्टरांनी हात टेकले म्हणून पहाटेच बेळगाव गाठलं होतं.

"उद्या सकाळपर्यंत बघू," डॉक्टर म्हणाले. "विष वर चढलं तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल."

ते गेले. पारमिताचा नवरा भीमरत्न भिंतीला टेकला. सकाळपासून त्याने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"मग गोळीच्या जागी काय घेत होता, आई?" पारमिताने विचारलं.

चंपाबाईंनी पिशवीतून हिरव्या झाकणाची बरणी काढली. जांभळाच्या बियांचं चूर्ण. मोबाइलवरून मागवलेलं. सत्तरी उलटल्यावर सासू मोबाइल शिकली म्हणून घरात केवढं कौतुक होतं! शिकवलं होतं भीमरत्ननेच.

"जाहिरातीला भुललात?"

"मी काय खुळी हाय? जाहिरात कोण बघतंय! जाहिरातीच्या खाली, चूर्ण घेतलेल्या बायकांनी ल्हिल्यालं वाचलो. हिंदीतलं सोडलो, कन्नडातलं सोडलो. येळ्ळूरची एक गुणाबाई हाय. लई आपल्यावानी बोलती. आपल्या भागातली बाई कशाला खोटं सांगंल गं?"

इथल्या माणसाला कचेरीत कन्नड, टीव्हीत हिंदी आणि औषधाच्या चिठ्ठीवर इंग्रजी. एवढ्या गर्दीत कुणी 'लई' आणि 'न्हाय' म्हणालं, की तो निम्मा पाघळलाच. राहिलेला निम्मा, चहा पिताना.

पारमिताला मात्र संताप आवरेना. "येळ्ळूर इथून रिक्षानं अर्ध्या तासावर. मी जाते आणि त्या बाईला इथं आणून हा पाय दाखवते."

"नको," भीमरत्न पटकन म्हणाला. "गाव केवढं मोठं हाय. कुठं शोधशील?"

"घरोघर विचारीन. तुम्ही वाचलंय का हो तिनं काय लिहिलंय ते?"

"न्हाय."

त्याचा आवाज कापत होता. पारमिताला त्याची कीव आली. मऊ काळजाचा माणूस. वरच्या खोलीत बसून बेंगळूरच्या कुठल्याशा कंपनीसाठी मराठी मजकूर लिहायचा, जेवायला खाली यायचा. आई काही खमंग बोलली की हसून मोबाइलात टिपून ठेवायचा. त्या आईचा पाय जाणार म्हटल्यावर तो कापणारच.

"जायाच्या आदी वाच तरी," चंपाबाईंनी फोन पुढे केला. "मोठ्यानं वाच. तुलाबी पटंल."

चार्जिंग संपत आलं होतं. पारमिता घाईने वाचू लागली. "'माजं वय एकाहत्तर. पायांची नुसती आग व्हायची. थंड फरशीवर पाय टेकून बसत होतो...'"

"बघ! मीबी तशीच बसत होतो का न्हाय?"

"'सुनंला सांगायची सोय न्हाय, ती बिचारी साळंत दमून येती...'"

पारमिताने ती ओळ पुन्हा वाचली. तीही शाळेतच शिकवत होती. म्हणूनच सासूला ही बाई एवढी जवळची वाटली असणार.

"माज्याच मनातलं ल्हिलंय गं तिनं," चंपाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले. "पाय राहील न्हवं माजा?"

पारमिता पुढे वाचू लागली. "'गोळ्या गिळून जिभंची चव गेलती. लेक म्हणायचा, आई...'"

फोन बंद पडला. तिने दोन-तीनदा बटण दाबून पाहिलं. पडदा काळाच.

"काय म्हणायचा लेक?" चंपाबाईंनी विचारलं. "मला आता ध्यानात न्हाय."

भिंतीला टेकलेल्या भीमरत्नने डोळे मिटून घेतले.

"'आई, गोळ्या सोडू नगंस,'" तो पुटपुटला, "'पर मी त्येचं ऐकलो न्हाय, म्हणून वाचलो.'"