प्रेमानं म्हणतात

“कुत्री म्हणजे कुत्रीच ना? का शहरात दुसरं काय म्हणत्यात?”

नानासाहेबांनी मोबाइल प्रेरणाच्या ताटाशेजारी ठेवला. मोबाइल तिचाच. चार्जिंगला लावलेला असताना त्याच्यावर मेसेज आला आणि तो त्यांच्या नजरेला पडला. त्यांनी तो एकेक अक्षर बघून आपल्या मोबाइलात टाकला आणि भाषांतर मागितलं. मराठीत उत्तर आलं, ‘तू मारून टाकलंस, कुत्री.’

मेसेज श्रेयाचा होता. प्रेरणा बिडकीनहून रोज बसनं संभाजीनगरला फार्मसीच्या कॉलेजात जायची. श्रेया तिची तिथली मैत्रीण. आदल्या दिवशी कॉलेजात पोस्टर स्पर्धा झाली. प्रेरणा आयुष्यात पहिल्यांदा परीक्षकांसमोर इंग्रजीत बोलली. श्रेयानं कॅन्टीनमध्ये बसवून तिच्याकडून ते सगळं घोकून घेतलं होतं. प्रेरणा मध्येच अडखळली, तेव्हा मागच्या रांगेतून ओठ हलवून पुढचा शब्द सुचवला होता. प्रेरणाचा पहिला नंबर आला. रात्रभर आनंदात असलेल्या श्रेयानं सकाळी लिहिलं, ‘यू किल्ड इट, बिच!’

“पप्पा, ‘किल्ड इट’ म्हणजे लई भारी केलंस. कौतुक केलंय तिनं.”

“आन् दुसरा शब्द?”

प्रेरणा चाचरली. “शब्द वाईटच आहे. पण मैत्रिणी-मैत्रिणी एकमेकींना प्रेमानं म्हणतात.”

“माझ्या पोरीला कुत्री म्हणायचं, आन् त्ये प्रेमानं?”

“आवो, पोरीपोरींची मस्करी आसंल,” प्रेरणाची आई द्वारकाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

“तू गप. तुला काय कळतं त्यातलं?”

प्रेरणानं तिथंच श्रेयाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. तीच सांगेल, म्हणजे पटेल, असं तिला वाटलं. श्रेया घाबरून गेली. “काका, सॉरी. खरंच माझ्या मनात काही वाईट नव्हतं. माय बॅड, काका. माय बॅड.”

नानासाहेबांनी फोन कापला. ‘बॅड’ त्यांना कळत होतं. “बघ. ती सोताच म्हणती, मी वाईट हाय. आसल्या पोरींत बसती व्हय तू?”

“पप्पा, त्याचा अर्थ माझी चूक झाली असा...” प्रेरणा सांगू लागली. पण ते चपला घालून बाहेर पडले होते.

सोमवारी त्यांनी तिला बसला जाऊ दिलं नाही. प्रेरणाला वाटलं, आठवडाभरात राग निवळेल. तिनं इंग्रजी शिकवणाऱ्या एका मास्तरांचा मराठी व्हिडिओ शोधला, त्यात ‘किल्ड इट’चा अर्थ फळ्यावर लिहून सांगितला होता. नानासाहेबांनी तो निम्मा बघितला आणि मोबाइल तिच्या हातात दिला. कॉलेजातून फोन आला, तेव्हा पोरगी आजारी आहे म्हणाले. परीक्षेपुरतं मी स्वतः गाडीवर नेऊन आणतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. परीक्षेच्या सकाळी प्रेरणा हॉल तिकीट घेऊन ओट्यावर तयार बसली. नानासाहेब पहाटेच पैठणला गेले होते. स्थळ बघायला.

आईजवळही ती रडली नाही. पप्पा वाईट नाहीत, असं ती स्वतःला सांगत राहिली. त्यांना फक्त अर्थ कळत नाही. त्यांच्या विश्वासातलं कुणीतरी कधीतरी त्यांना नीट सांगेल. मग ते म्हणतील, चल, उद्यापासून जा. श्रेयाचे मेसेज येत होते. साधे, जपून लिहिलेले, एकही वावगा शब्द नसलेले. मग तेही यायचे थांबले.

साखरपुडा पैठण रोडवरच्या मंगल कार्यालयात ठरला. मुलाचं नाव ऋतुराज. प्रेरणाला स्टेजवर आणून बसवलं. गुरुजींनी ताट मांडायला घेतलं. तेवढ्यात दारातून पांढऱ्या टोपीतला, काठी टेकत चालणारा एक माणूस आत आला. नानासाहेब स्टेजवरून ओरडलेच, “आय मुडद्या! जिता हाईस व्हय आजून?”

“तुला पोचवल्याबिगर कसा मरू रं, कुत्र्या?” तो माणूस तिथूनच म्हणाला.

नानासाहेब धावत खाली गेले. भर मांडवात दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि दोघंही रडले. मग त्याचा हात धरून नानासाहेबांनी त्याला वर आणलं. “बेटा, पाया पड. हा कडुबा. आमी एका बाकावर शिकलो. मधी लई आजारी व्हता, वाटलं आता काय भेटत नाय.”

प्रेरणा पाया पडली. उठता उठता हळूच म्हणाली, “पप्पा, काका तुम्हाला कुत्रा म्हणाले.”

“आगं, त्यो प्रेमानं म्हणतोय,” नानासाहेब डोळे पुसत हसले. “लहानपनापसून. त्याच्यावानी जीव लावणारं मानूस...”

वाक्य तिथंच थांबलं.

त्यांनी प्रेरणाकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. कडुबाच्या खांद्यावरचा त्यांचा हात सावकाश खाली आला. त्यांना कळलं होतं. सगळं कळलं होतं, आणि ते कळलेलं प्रेरणाला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. इतके महिने ती याच क्षणाची वाट बघत होती.

नानासाहेबांनी खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांकडे नजर टाकली. मग तिच्याकडे न बघता ते वळले.

“उरका गुरुजी,” ते म्हणाले. “मानसं जेवायची खोळंबलीत.”