खडूची फुली

संयोगिताचं पत्र येऊन दोन महिने झाले होते. फोनवर बाबा विषय बदलतात, म्हणून तिने साताऱ्याहून मुद्दाम पत्र पाठवलं होतं : "बाबा, तुम्हाला एकाहत्तर वर्षं पूर्ण झाली. कानाची ऑपरेशनं आता मला करू द्या." डॉ. वीरधवल यांनी ते एका जाड ग्रंथात खूण म्हणून घातलं. उत्तर दिलं नाही. पुढच्या सोमवारी सांगलीतच एका लहान मुलीच्या कानाचं ऑपरेशन ते करणार होते.

शिवाय सध्या त्यांच्या डोक्यात सयाजी होता.

कुंडल गावचा हा निवृत्त फौजी चक्कर येते म्हणून आज दुसऱ्यांदा दवाखान्यात आला होता. लक्षणं पुस्तकात छापल्यासारखी सांगायचा. "कूस बदलली की समदं घर फिरतंय. तीस सेकंद. मग थांबतंय." सेकंद कोण मोजत बसतं? मागच्या खेपेला जाताना टेबलावर कंदी पेढ्यांचा पुडा ठेवून गेला. कुंडलच्या माणसाकडे साताऱ्याचे पेढे कुठून आले? याला खोटा दाखला हवा असणार.

डॉक्टरांनी त्याची मान वळवून त्याला झटकन आडवं केलं आणि डोळ्यांत पाहिलं. खरी चक्कर असली की बुबुळं थरथरतात. सयाजीची बुबुळं शांत होती.

"फिरतंय?"

"लय."

"उठा. त्या खडूच्या फुलीवर उभे राहा, दाराकडे तोंड करून. डोळे मिटून जागच्या जागी पन्नास पावलं टाका. शरीराचा तोल कान सांभाळतात; एक कान दुबळा असला की माणूस नकळत त्या बाजूला वळतो."

"आवं, मागल्यासारखं आधी तुमी करून दावा की."

पेशंट बुजू नये म्हणून चाचणी आधी स्वतः करून दाखवायची, हा डॉक्टरांचा जुना रिवाज. ते फुलीवर उभे राहिले, हात पुढे केले, डोळे मिटले. पन्नास मोजून डोळे उघडले. समोर कॅलेंडर होतं. मागच्या वेळी इथूनच पाहून त्यांनी सयाजीला आजची तारीख दिली होती. आता पुढची द्यायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग सयाजीने पन्नास पावलं टाकली. फुली सुटली नाही, तोंड दाराकडेच राहिलं.

"सयाजीराव, फौजेत होता तुम्ही. हे सोंग शोभत नाही. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"व्हय, मला न्हाई." सयाजी चपला घालता घालता थांबला. "पर डॉक्टर, तुमीबी दाराकडंच तोंड करून उभं राहिला हुता. मग दोन्ही खेपंला उजव्या भिंतीवरच्या कॅलेंडरापुढं कसं थांबला?"

तो गेल्यावर डॉक्टरांनी ग्रंथातलं पत्र काढलं.

संध्याकाळी पोस्टाच्या पेटीत उत्तर पडलं : "चि. संयोगिता, तू पाठवलेला सयाजी ठणठणीत आहे. सोमवारचं ऑपरेशन तू कर. नंतर मी तुझ्याकडे तपासून घ्यायला येतो. उजवा कान."