वरच्या कप्पीचं काम

"पट्टा लावलास ना?" दादाने खालून विचारलं.

"लावला रे बाबा, लावला!" डोलकाठीवर अर्ध्यात पोचलेली चिमी ओरडली. "आता पुन्हा विचारलंस तर सोडूनच दाखवते."

खाली दादाने दोर आणखी कडक ताणून धरला.

ती एका फळीवर बसली होती. फळीचा दोर वरच्या कप्पीतून खाली दादाच्या हातात, आणि कमरेचा पट्टा डोलकाठीभोवती. दोर सुटला तरी पट्टा माणसाला धरून ठेवतो. होडी बाबांची, सात वर्षं धक्क्याला नुसती बांधून ठेवलेली. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा गंजून इतक्या झिजल्या होत्या, की एखाद्या वादळात ती थेट समोरच्या घराच्या छपरावर आली असती. आणि ते त्यांचंच घर, आत आई असायची. म्हणून आता नव्या पोलादी तारा आणि नवी कप्पी. दादाचं म्हणणं, तारा कशाला, डोलकाठीच कापून टाकू. चिमीने ते उडवून लावलं. मग तो म्हणाला, निदान वर मी जातो. "आणि एवढा मोठा हत्ती खालून मी ओढू?" असं तिने विचारल्यावर त्याचं काही चाललं नाही.

फळीवर बसण्याआधी मात्र तिने त्याची गाठ दोनदा ओढून पाहिली होती, तेही त्याच्यादेखत. अख्खा धक्का त्याला 'ढिल्या' म्हणायचा. बाबा पट्टा न लावताच वर गेले आणि माझ्या हातून दोर सुटला, असं त्याने स्वतःच, सात वर्षांपूर्वी बाबा या डोलकाठीवरून पडून गेले तेव्हा, सगळ्यांना सांगितलं होतं. त्या दिवसापासून आई त्याचं ताट वाढायची, पण तोंड फिरवून. बोलायची एक शब्द नाही. आणि त्या दिवसापासून या डोलकाठीवर कुणी चढलं नव्हतं.

वर वारा तारांमधून घुमत होता. बाबा काम करताना तोंड मिटून गुणगुणायचे, अगदी तसा. चिमीने मान वळवून पाहिलंसुद्धा, आणि मग स्वतःलाच वेडी म्हणाली.

कप्पीच्या खाली काहीतरी काळं होतं. खालून ते कावळ्याचं घरटं वाटायचं. हात लावला तर कॅनव्हासची पिशवी निघाली, ऊनपाण्याने कडक झालेली. आत पाना, पक्कड, ग्रीसची डबी, प्रत्येक वस्तू सुतळीने बांधलेली. वरून हत्यार पडलं तर खालच्याचं डोकं फुटतं, हे बाबांचं रोजचं पालुपद. पिशवी एका पट्ट्याला अडकवली होती. तो बाबांचाच पट्टा. डोलकाठीभोवती आवळलेला, बक्कल व्यवस्थित लावलेलं.

चिमी त्या बक्कलाकडे बघत राहिली. बाबांनी पट्टा लावलाच नव्हता, तर तो इथे कसा आला? आणि लावला होता, तर कमरेचा काढून काठीला कुणी बांधला? हे काम दोन्ही हातांचं, सावकाशीचं. दोर सुटून पडणारा माणूस एवढी आवराआवर करून पडत नाही. तिला रडू नाही आलं. राग आला, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा बाबांचा.

बक्कल सोडून तिने पट्टा पिशवीसकट मांडीवर घेतला. "खाली घे," ती म्हणाली.

दादाने तिला इतकं हळू उतरवलं, जणू ती काचेची होती. तिच्या मांडीवर काय आहे ते त्याने पाहिलं. आधी दोर खुंट्याला बांधला आणि मग तो डेकवर बसला.

"दोर सुटलाच नव्हता," चिमी म्हणाली.

"नाही."

"तू बघत होतास?"

"त्यांनी हाक मारली. म्हणाले, जरा बाजूला सरक रे." दादा आपल्या हातांकडे बघत होता. "मला वाटलं, पक्कडबिक्कड टाकतायत खाली. मी सरकलो."

"मी आत्ताच्या आत्ता आईला सांगते," चिमी उठली. "सात वर्षं तिने तुला घरात परक्यासारखं..."

"बस खाली. काय सांगशील?" त्याचा आवाज चढला नाही. "माझ्याकडे पाठ फिरवून का होईना, ती दोन घास खाते. हे कळल्यावर कुणाकडे पाठ फिरवेल?"

इतक्यात समोरची खिडकी उघडली.

"चिमे!" आईचा आवाज आला. "झालं का गं? किती वेळ ते? दोर कुणाच्या हातात आहे ते विसरू नकोस!"

दादाने मान खाली घातली. त्याला सवय होती. चिमीला नव्हती. तिने खिडकीकडे पाहिलं. मग तिने बाबांचा पट्टा उचलला, पिशवीसकट खांद्याला अडकवला आणि पुन्हा फळीवर जाऊन बसली. या वेळी तिने गाठ तपासली नाही.

"अजून कप्पी बसवायचीय, आई!" ती ओरडली. "वेळ लागेल!"

दादाने दोर हातात घेतला. तिच्या खांद्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि पाय रोवले.

"ओढ," चिमी म्हणाली. "हे होतं तिथं पुन्हा बांधून येते. आणि तू तिथेच उभा राहा. बाजूला सरकू नकोस."